मूठ घट्ट झाली म्हणजे ताकद आली नव्हे

"मॅडम, मुठीत ताकद आली बगा! माझं बोट असं धरलंय, सोडवता सुटंना." लकव्याच्या पेशंटच्या घरून असा फोन आला की मी लगेच अभिनंदन करत नाही, आणि त्यांच्या उत्साहावर पाणीही ओतत नाही. "उद्या येते, बघू या," एवढंच म्हणते. हा फोन कधी येणार याचा मला अंदाज असतो. झटका येऊन दोन-चार आठवडे झालेले असतात. पेशंट हॉस्पिटलमधून घरी आलेला असतो. लुळा लोंबणारा हात बघून घरातली माणसं खचलेली असतात. आणि एका सकाळी तोच हात कोपरात वाकलेला, बोटं आत मिटलेली दिसतात. इतके दिवस मेल्यागत पडलेला हात काहीतरी करतोय म्हटल्यावर आनंद होणारच.

मी फिजिओथेरपिस्ट आहे. सांगली-मिरजेत आणि आसपासच्या गावांत स्कूटरवरून घरोघरी जाऊन पेशंट बघते. त्यांत निम्म्याहून जास्त लकव्याचे. डॉ. विल्यम वॉनलेस यांनी १८९४ साली मिरजेत मिशन हॉस्पिटल सुरू केलं, तेव्हापासून हे दवाखान्यांचं गाव. अथणी-जमखंडीकडची माणसंही इकडेच येतात. जीव वाचतो तो दवाखान्यात, पण हात-पाय सुधारायचे ते घरी, आणि घरी गेल्यावर त्यांच्याकडे बघायला फारसं कुणी नसतं. आमच्याकडे स्ट्रोक हा शब्द अजून रुळलेला नाही, लोक "अंगावरनं वारं गेलं" म्हणतात. मिटलेल्या मुठीला घरची माणसं "हात आखडला" म्हणतात, डॉक्टर स्पॅस्टिसिटी लिहितात आणि आम्ही फिजिओ आपसात "टोन आलाय" म्हणतो. हा टोन पहिल्या तीन महिन्यांत जितका हाताळता येतो तितका नंतर येत नाही. मात्र हेच तीन महिने घरच्यांचे बीपीच्या गोळ्या, लघवीची नळी आणि बिलं यांत जातात.

स्ट्रोक म्हणजे काय ते थोडक्यात सांगते. मेंदूच्या एखाद्या भागाचा रक्तपुरवठा गुठळीनं अडतो किंवा तिथली रक्तवाहिनी फुटते, आणि त्या भागातल्या पेशी मरतात. उजव्या मेंदूला इजा झाली की शरीराची डावी बाजू जाते, डाव्याला झाली की उजवी, आणि बरेचदा तिच्याबरोबर बोलणंही. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं, हे आता बऱ्याच जणांना माहीत झालं आहे.

हात आखडतो का, हे समजायला थोडं आत शिरावं लागेल. डॉक्टर गुडघ्याखाली छोट्या हातोडीनं टिचकी मारतात आणि पाय आपोआप उडतो, हे सगळ्यांनी पाहिलेलं असतं. स्नायूंच्या आत ताण मोजणारे बारीक तंतू असतात. स्नायू अचानक ताणला गेला की ते मज्जारज्जूला खबर देतात आणि मज्जारज्जू मेंदूला न विचारता त्याच स्नायूला आकसण्याचा हुकूम सोडतो. ऑक्सफर्डच्या चार्ल्स शेरिंग्टन यांनी लिडेल या सहकाऱ्याबरोबर १९२४ साली ही यंत्रणा प्रयोगांतून मांडली. धडधाकट माणसात मेंदूकडून उतरणारे मार्ग या क्रियेला सतत आवर घालत असतात. स्ट्रोकमध्ये तो आवर सुटतो. सुरुवातीला मज्जारज्जूही बधिर असतो, म्हणून हात लुळा पडतो. काही दिवसांत, फार तर काही आठवड्यांत तो जागा होतो आणि किरकोळ ताणालाही जोरानं उत्तर देऊ लागतो. भरीत भर म्हणजे मेंदूच्या देठातून निघणारे, मुख्यतः तोल आणि उभं राहणं सांभाळणारे जुने मार्ग बहुतेक वेळा शाबूत असतात आणि आता त्यांच्यावर अंकुश नसतो. आखडण्याची ठेवण त्यामुळेच ठरावीक असते. दंड छातीशी चिकटतो, कोपर वाकतं, तळहात खाली वळतो, मनगट आणि बोटं मिटतात, अंगठा मुठीत जातो. पाय मात्र गुडघ्यात ताठ होतो आणि पाऊल खाली-आत वळतं. बसस्टँडवर अशी चाल लांबून दिसली तरी ओळखू येते.

या ताठरपणाचा सगळ्यांत मोठा गुण म्हणजे तो वेगावर अवलंबून असतो. मोटारीतला सीट बेल्ट हळू ओढला तर सरळ येतो आणि हिसका दिला की जागीच अडतो, तसंच हे. ऑस्ट्रेलियातले मेंदूविकारतज्ज्ञ जेम्स लान्स यांनी १९८० साली स्पॅस्टिसिटीची जी व्याख्या केली, तिचा गाभा वेग हाच आहे. घरी या एका गोष्टीचा अर्थ फार मोठा निघतो. शर्ट घालताना घाईनं हात ओढला तर तो जास्त आखडतो. घाई असते म्हणून आपण आणखी जोर लावतो, आणि तो आणखी आखडतो. शेवटी सून म्हणते, "अण्णा मुद्दाम करतात." अण्णा काही मुद्दाम करत नसतात.

म्हणून फोन आल्यावर दुसऱ्या दिवशी मी काय करते, तर आधी पेशंटला निवांत पडू देते. मग त्याचं कोपर अगदी सावकाश सरळ करत नेते आणि कुठपर्यंत जातं ते बघते. नंतर त्याच मार्गानं झटकन नेते आणि कुठे अडतं ते बघते. या दोन कोनांत जितकं अंतर, तितका वाटा मज्जातंतूंचा. सावकाश नेऊनसुद्धा जिथे पुढे जात नाही, तो वाटा स्नायूच्या स्वतःच्या आखूडपणाचा. ही पद्धत फ्रान्समधल्या गी तार्द्यू यांच्या नावानं ओळखली जाते. केसपेपरवर मात्र बहुतेक वेळा ॲशवर्थचा आकडा लिहिलेला असतो. ॲशवर्थनं ही मोजणी १९६४ साली मल्टिपल स्क्लेरोसिसच्या पेशंटवर एका औषधाचा परिणाम बघायला वापरली होती. १९८७ साली बोहॅनन आणि स्मिथ यांनी तिच्यात "एक अधिक" ही मधली पायरी घातली. शून्य म्हणजे टोन वाढलेला नाही, चार म्हणजे सांधा वाकवता-सरळ करताच येत नाही. पद्धत सोपी आहे म्हणून चालते, पण मज्जातंतू आणि स्नायू यांतला फरक ती दाखवत नाही. त्यामुळे मला स्वतःला तार्द्यूची पद्धत जास्त पटते.

तपासणी झाली की घरच्यांना म्हणते, "त्यांना मूठ सोडायला सांगा." पेशंट जिवाच्या आकांतानं प्रयत्न करतो, कपाळावर घाम येतो, आणि मूठ आणखी घट्ट होते. ताकद आलेला माणूस हवं तेव्हा धरतो आणि हवं तेव्हा सोडतो. हे समोर दिसल्यावर मला फारसं बोलावं लागत नाही.

मात्र टोन येणं हे निव्वळ अशुभही नव्हे. ट्विचेल या अमेरिकी डॉक्टरनं १९५१ साली स्ट्रोकच्या पेशंटचा दिवसेंदिवस पाठपुरावा करून दाखवलं की हात लुळेपणातून ताठरपणात जातो आणि पुढे हालचाल सुटी होऊ लागली की तो ताठरपणा उतरतो. स्वीडनमध्ये जन्मलेल्या आणि अमेरिकेत काम केलेल्या सिग्ने ब्रुनस्ट्रॉम या फिजिओथेरपिस्टनं या वाटचालीच्या सहा पायऱ्या मांडल्या. आमच्या अभ्यासक्रमात त्या पाठ कराव्या लागतात. सगळेच पेशंट त्या पायऱ्यांनी चढत नाहीत. काहींना टोन येतच नाही आणि हात सुधारतो, काहींचा लुळाच राहतो, आणि काही मधल्याच पायरीवर अडकून बसतात. वेगवेगळ्या अभ्यासांत हे प्रमाण कमीजास्त निघालं आहे, पण स्ट्रोक झालेल्या साधारण चारांपैकी एकाला पहिल्या तीन महिन्यांत मोजण्याजोगी स्पॅस्टिसिटी येते असं धरायला हरकत नाही. काहींना तर पहिल्या आठवड्यातच. कोपर, मनगट आणि घोटा इथे ती आधी दिसते. ज्यांचा हात सुरुवातीला अगदीच गेलेला असतो आणि ज्यांना त्या बाजूला स्पर्श कळत नाही, त्यांच्यावर जास्त लक्ष ठेवावं लागतं.

आता पहिल्या तीन महिन्यांवर माझा इतका भर का, ते सांगते. तार्द्यू ज्यात होते अशा एका गटानं १९७२ साली मांजरांच्या पोटरीचा स्नायू प्लास्टरमध्ये आखूड स्थितीत बांधून ठेवला. चार आठवड्यांत त्या स्नायूतले एकापुढे एक असलेले आकसणारे घटक सुमारे ४० टक्क्यांनी कमी झाले. स्नायूनं स्वतःलाच तोकडं करून घेतलं. माणसाच्या हाताला प्लास्टर लागत नाही. पोटावर दुमडून ठेवलेला हात, छातीशी अडकवलेली झोळी आणि दिवसभर पलंग, एवढं पुरतं. मज्जातंतूंमुळे आलेला ताठरपणा औषधानं उतरू शकतो. तोकडा झालेला स्नायू औषधाला दाद देत नाही, त्याला मग महिनेमहिने लागतात, कधी ऑपरेशन. पहिल्या आठवड्यांत बहुतांश भाग मज्जातंतूंचा असतो, दिवस जातील तसा स्नायूचा वाटा वाढत जातो.

झोळीचा मला विशेष राग आहे. हॉस्पिटलमधून निघताना बऱ्याच पेशंटच्या गळ्यात ती निळी पिशवी अडकवलेली असते. खांद्याचे स्नायू लुळे असताना हाताच्या वजनानं सांधा खाली सरकतो, त्यामुळे उभं राहताना, चालताना आधार हवाच. पण ती काढायची कधी, हे कुणी सांगत नाही. मग पेशंट त्यातच जेवतो, त्यातच झोपतो. टोन ज्या ठेवणीत हात खेचणार असतो, त्याच ठेवणीत आपण तो आधीच बांधून ठेवतो. बसल्यावर झोळी काढावी. मांडीवर उशी किंवा बाजूला स्टूल घेऊन हात पुढे, कोपर जमेल तेवढं सुटं, तळवा शक्य तितका उघडा ठेवावा. झोपल्यावर खांद्यामागे घडी केलेली चादर आणि हात अंगापासून थोडा दूर, उशीवर. घोंगडी किंवा जाड रजई पावलांवर दाबून बसवू नये, पाऊल खाली ढकललं जातं.

जांभईची गंमत सांगायलाच हवी. बरेचदा पेशंटच्या बायका हळू आवाजात सांगतात, "मॅडम, जागेपणी हात हलत नाही, पण जांभई आली की आपसूक वर उठतो. बाहेरचं काही नसेल ना?" बाहेरचं काही नसतं. जांभईचा हुकूम मेंदूच्या देठातून सुटतो आणि त्या जुन्या, अंकुश सुटलेल्या मार्गांनी खाली उतरतो, म्हणून हात उठतो. शिंक, खोकला, चालताना जाणारा तोल यांनीही कोपर दुमडतं. यावरून हात परत येईल की नाही, याचा अंदाज बांधता येत नाही. पण एका घरात यावरून अंगारा आणला गेला होता, म्हणून मी हे आता आधीच सांगून ठेवते.

घरोघरी जे उपाय चालतात, त्यांत पहिला मान स्माईलीच्या बॉलचा. पेशंटला भेटायला येणारा प्रत्येक जण एक घेऊन येतो. ज्याची बोटं मुळातच मिटतायत, त्याला दिवसभर बोटं मिटण्याचाच सराव कशाला? त्याला कठीण जातं ते उघडणं. दुसरा मान छताला बांधलेल्या कप्पीचा. धडधाकट हातानं दोरी ओढायची आणि लुळा हात वर खेचायचा. खांद्याचं हाड जागेवर नीट फिरत नसताना हात असा उचलला की आतल्या स्नायूबंधांना चिमटा बसतो आणि खांदा कायमचा दुखू लागतो. १९९० साली झालेल्या एका छोट्या अभ्यासात कप्पी वापरणाऱ्या निम्म्याहून जास्त पेशंटना खांद्याचं दुखणं लागलं होतं, आणि अमेरिकेच्या मार्गदर्शक सूचनाही कप्पी नको असंच सांगतात. दुखणारा खांदा टोन वाढवतो, ते वेगळंच. मालिशीला माझा विरोध नाही. कोमट तेल, हळू हात, पेशंटला बरं वाटतं, घरच्यांना काहीतरी केल्याचं समाधान मिळतं. पण पहिलवानी रगडणं आणि बोटं मोडणं नको. कबुतराचं रक्त चोळणारेही आहेत. त्या कबुतराचा जीव जातो, त्यापलीकडे काही होत नाही.

असे उपाय टिकतात कसे, याचं कारण साधं आहे. स्ट्रोकनंतर शरीर स्वतःहून जे सुधारतं, त्यातलं बरंचसं पहिल्या तीन महिन्यांत सुधारतं. त्या काळात जो हात लावेल त्याला यश मिळतं, मग तो वैदू असो, राजस्थानातलं बुटाटी धाम असो की मी. हे कबूल केलं नाही तर माझ्यात आणि वैदूत फरक काय राहिला?

आणि कबूल करायचंच तर आमच्या धंद्याची आणखी काही अंडीपिल्ली सांगते. नुसतं ताणून धरण्यानं सांध्याची हालचाल फारशी वाढत नाही, असा निष्कर्ष जगभरातल्या चाचण्या एकत्र तपासणाऱ्या कॉक्रेन आढाव्यानं काढला आहे. मनगटाला रात्रभर बांधायच्या स्प्लिंटचीही कथा तीच. ऑस्ट्रेलियातली २००७ सालची चाचणी म्हणते, त्यानं आखूडपणा टळला नाही. झटक्यानंतर २४ तासांच्या आतच पेशंटला वारंवार, बराच वेळ उठवून चालवलं तर लवकर बरा होईल, ही समजूत २०१५ साली मोडीत निघाली. ज्युली बर्नहार्ट यांच्या नेतृत्वाखाली २,१०४ पेशंटवर झालेल्या त्या चाचणीत उलट तीन महिन्यांनी चांगल्या स्थितीत असण्याची शक्यता कमी झाली. भारतातही एक मोठा प्रयोग झाला. लुधियानाचे डॉ. जयराज पांडियन आणि सहकाऱ्यांनी १४ हॉस्पिटलांतल्या १,२५० पेशंटपैकी साधारण निम्म्यांच्या नातेवाइकांना घरी व्यायाम करून घ्यायला शिकवलं. २०१७ साली निकाल आला. सहा महिन्यांनी मृत्यू किंवा परावलंबन यांत फरक दिसला नाही. हे वाचून मला वाईट वाटलं, कारण मी रोज तेच शिकवत असते. तरीही शिकवणं सोडलेलं नाही. हात न दुखवता शर्ट कसा घालावा, हे त्या चाचणीनं मोजलेलं नव्हतं, आणि घरच्यांना रोज तेच करावं लागतं.

मग उपयोग कशाचा? पेशंटनं स्वतः, जमेल तितक्या ताकदीनं, उपयोगाचं काम पुन्हा पुन्हा करण्याचा. व्यायामानं ताकद वाढवली तर टोन वाढेल, असं आमच्या आधीच्या पिढीला शिकवत. ती भीती खोटी ठरली आहे. २००६ साली झालेल्या एका आढाव्यानुसार स्ट्रोकनंतर स्नायू बळकट करणाऱ्या व्यायामांनी ताकद वाढते आणि स्पॅस्टिसिटी वाढत नाही. खरं नुकसान कमजोरीनं होतं, टोनचा नंबर त्याच्या मागून लागतो. तासगावकडच्या एका आजींना मी परातीसमोर बसवलं होतं. भाकरी थापायला मनगट मागे आणि तळवा सपाट लागतो, म्हणजे टोन जे करू देत नाही नेमकं तेच. सुरुवातीला आजारी हात खाली, चांगला हात त्यावर, पिठावर नुसतं वजन टाकायचं. पुढे आजारी हातानं एकट्यानं दाबायचं. भाकरी नकाशासारखी व्हायची आणि सून ती मुकाट्यानं तव्यावर टाकायची. आजींनी बॉल मात्र नातवाला देऊन टाकला.

घरच्यांच्या रोजच्या कामाची एक युक्ती आहे, ती मी प्रत्येक घरात करून दाखवते. मिटलेली मूठ धुवायला उघडायची असेल तर बोटांची टोकं ओढू नका. आधी पेशंटचं मनगट आणखी थोडं आत वाकवा. बोटं मिटवणारे स्नायूबंध मनगटावरून जातात, ते ढिले पडतात. मग अंगठा टोकाला न धरता बुडापाशी, तळहाताजवळच्या मांसल भागाशी धरून बाहेर घ्या आणि थांबा. बोटं आपण होऊन सैल होतील. मग हळूहळू मनगट सरळ करा. सगळं सावकाश. मुठीत घाम साचतो, कातडी पांढरी पडते, वास येतो, वाढलेली नखं तळव्यात रुततात. रोज कोमट पाण्यानं धुऊन, बोटांच्या बेचक्या कोरड्या करून, नखं बारीक ठेवली तर हे टळतं.

टोन एकाएकी वाढला तर हाताकडे बघण्याआधी बाकीच्या अंगाकडे बघा. एका तात्यांचा पाय चांगला वळत असताना दोन दिवसांत ओंडक्यागत ताठ झाला. घरच्यांना वाटलं दुसरा झटका. पायातला मोजा काढला तर अंगठ्याचं नख मांसात घुसून पिकलेलं. तात्यांना त्या पायाला दुखणं कळत नव्हतं, पण मज्जारज्जूला कळत होतं. बद्धकोष्ठ, लघवीचा जंतुसंसर्ग, अडकलेली नळी, पाठीला पडलेलं बेडसोअर, घट्ट बूट, थंडी, भीती या सगळ्यांनी टोन चढतो. आधी ते निस्तरायचं, गोळी नंतर. अर्थात तोंड वाकडं झालं, बोलणं अडखळलं किंवा नवीन कमजोरी आली, तर बूट-मोजे तपासत बसू नका, थेट हॉस्पिटल गाठा.

गोळ्यांबद्दल बोलते, पण त्या द्यायच्या की नाही हे तुमच्या डॉक्टरांनीच ठरवायचं. बॅक्लोफेन आणि टिझॅनिडिन ही नेहमीची नावं. दोन्हींनी गुंगी येते, अंग गळतं, टिझॅनिडिननं बीपीही उतरू शकतं. बॅक्लोफेन काही दिवस घेतल्यावर मनानं एकदम बंद करणं धोक्याचं आहे, फिट येऊ शकते. शिवाय गोळी सगळ्या अंगावर काम करते, एकट्या मुठीवर नाही. एका आजोबांचा पाय फार ताठ वाटतो म्हणून डोस वाढवला गेला. पाय मऊ झाला आणि आजोबा उभे राहायचे थांबले, कारण ते त्या ताठरपणाच्याच आधारानं उभे राहत होते. डोस खाली आणल्यावर पुन्हा उभे राहू लागले. प्रत्येक टोन घालवायचा नसतो.

एकाच ठिकाणचा टोन त्रास देत असेल तर बोट्युलिनम टॉक्सिनचं इंजेक्शन हा चांगला मार्ग आहे. हो, सुरकुत्यांसाठी नट्या घेतात तेच. मुळात हे बिघडलेल्या मांसातून होणारं जीवघेणं विष. जर्मन डॉक्टर युस्टिनुस केर्नर यांनी दोनशे वर्षांपूर्वी खराब सॉसेज खाऊन दगावलेल्या लोकांची लक्षणं नोंदवताना, याचा पुढे औषध म्हणून उपयोग होईल असं भाकीत केलं होतं. अगदी थोड्या मात्रेत नेमक्या स्नायूत दिलं की मज्जातंतूचा निरोप स्नायूपर्यंत पोचत नाही आणि तो स्नायू सैल पडतो. परिणाम काही दिवसांत सुरू होतो, तीन-चार महिने टिकतो, मग उतरतो. स्ट्रोकनंतरच्या हाताच्या ताठरपणासाठी अमेरिकेत त्याला २०१० साली मान्यता मिळाली. पूर्वी ते उशिरा, हात पुरता आखडल्यावर देत. आता लवकर देऊन बघितलं जातंय. फिलिपिन्सचे डॉ. रेमंड रोसालेस आणि सहकाऱ्यांनी २०१२ साली प्रसिद्ध केलेल्या आशियाई चाचणीत स्ट्रोकनंतर दोन ते बारा आठवड्यांत ते दिलं, आणि टोन चांगलाच उतरला. हाताचं काम मात्र त्या मानानं सुधारलं नाही. इंजेक्शन हात मऊ करतं, हाताला काम शिकवत नाही. ते तीन-चार महिने व्यायामासाठी मिळालेली मुदत असते. इंजेक्शनला हजारो रुपये मोजून नंतर फिजिओथेरपी बंद करणारी घरं मी पाहिली आहेत, आणि त्यांचे पैसे अक्षरशः वाया गेले.

डिस्चार्जच्या कागदावर पुढच्या तपासणीची तारीख असते. त्या दिवशी बीपी, साखर बघितली जाते, गोळ्या बदलून मिळतात आणि पुढचा नंबर पुकारला जातो. तुमच्या घरात नुकतंच कुणावरून वारं गेलं असेल तर तिथून उठू नका. "यांचं कोपर, मनगट आणि घोटा हळू आणि झटकन, दोन्ही तऱ्हेनं हलवून बघा, आणि आकडा कागदावर लिहा," असं डॉक्टरांना सांगा. डॉक्टरांना वेळ नसेल तर त्याच हॉस्पिटलमधल्या फिजिओथेरपीच्या खोलीत जा. महिन्यानं पुन्हा तेच करून घ्या आणि दोन्ही आकडे शेजारी ठेवून बघा. तपासायला पाच मिनिटं लागतात आणि कसलंही मशीन लागत नाही.